केसभराचा पगार

वाघमोडे साहेबांबरोबर भाजी आणायला त्यांची बायको जात नसे. लग्नानंतर पहिल्या महिन्यात एकदा गेली होती, तेवढंच. साहेबांनी भाजीवालीचा काटा उलटा करून खालचा शिक्का पाहिला, वजनं तळहातावर घेतली, वर्ष विचारलं. मागं सात-आठ बायका पिशव्या घेऊन उभ्या. भाजीवाली म्हणाली, "दादा, भाजी घ्यायची हाय का काटा?" तेव्हापासून वहिनी एकट्या जातात, असं त्यांनीच मला सांगितलं.

मी बारामतीत वजनमापांच्या कार्यालयात लिपिक. कन्हेरीहून स्कूटरवर येते, सहाला परत जाते. या नोकरीत मी सहा निरीक्षक पाहिले. पाच जणांची नावं आठवायला हजेरीपट काढावा लागेल. वाघमोडे साहेबांचं तसं नाही.

माणूस दिसायला काहीच विशेष नव्हता. बुटका, रापलेला, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक पेन्सिल. कुठलाही अहवाल आधी पेन्सिलीनं लिहायचा, दुसऱ्या दिवशी वाचायचा आणि मगच पेन उचलायचा. "रात्रीतनं माणसाचा राग उतरतो मॅडम. शाईचा उतरत न्हाय." डब्यात कायम बाजरीची भाकरी. आणि खांद्याला थर्मास. ज्या दुकानाची तपासणी करायची तिथला चहा घ्यायचा नाही, हा नियम. पाणी चालायचं. "पाण्याला भाव न्हाय, म्हणून." बाटलीतल्या पाण्याचं काय, असं मी एकदा विचारलं. ते दुसऱ्या दिवसापासून पाण्याचीही बाटली घरून आणू लागले. मी गप्प बसायला हवं होतं.

त्यांना हातात आलेल्या प्रत्येक वस्तूचं वजन सांगायची खोड होती. माझ्या भाचीच्या मुलीच्या बारशाला आले. बाळ हातात दिलं. लोक म्हणतात नाक आईवर गेलंय, डोळे आजीवर. साहेब बाळ जरा वर-खाली करून म्हणाले, "सव्वातीन." भाचीच्या सासूनं बाळ काढूनच घेतलं. मग आत जाऊन भाचीनं दवाखान्याचा कागद पाहिला, आकडा बरोबर निघाला. पण सासूबाई अजून त्या साहेबांना 'तो सव्वातीन' म्हणतात.

एका दिवाळीला एका मिठाईवाल्यानं कार्यालयात खोका पाठवला. एक किलो काजूकतली. शिपाई खूश, मीही थोडी खूश. साहेब खोका घेऊन पायीच त्या दुकानात गेले आणि त्याच्याच काट्यावर आधी भरलेला खोका ठेवला, मग मिठाई ताटात काढून रिकामा खोका ठेवला. पुठ्ठ्याचं वजन काजूच्या भावानं जात होतं. मिठाई परत दिली, रिकामा खोका पुरावा म्हणून आणला, दुकानाला नोटीस. दुकानदार काकुळतीला येऊन म्हणाला, "साहेब, तुमाला भेट दिली हुती, विकली न्हवती." साहेब म्हणाले, "म्हणून तर नोटीस दुकानाला देतोय. भेटीवर काय बोललो का मी?"

असा माणूस. त्यामुळं शेळगावहून तक्रार आली तेव्हा पुढं काय होणार, हे मला ठाऊक होतं. निदान मला तसं वाटलं.

तक्रार डाळिंबाच्या एका व्यापाऱ्याची होती. शेळगावात अलका शिंगाडे नावाची बाई विनापरवाना काटा वापरते, शेतकऱ्यांना भडकवते, वगैरे. साहेबांनी मला पंचनाम्याचे कागद घेऊन बरोबर नेलं. अलका पस्तिशीच्या आतली, आयटीआय झालेली. नवरा पोपट, त्याचं रस्त्याकडेला वर्कशॉप. ट्रॉल्या, गेट, जनावरांच्या गव्हाणी असली लोखंडाची कामं. या दोघांनी मिळून एक हातगाडी केली होती. तिला ती काटागाडी म्हणायची. दिसायला साधी, पण पाटाखाली काटा बसवलेला. बागेत झाडाखालीच क्रेट भरायचा, गाडीवर ठेवायचा. रिकाम्या क्रेटचं वजन गाडी आपोआप वजा करायची आणि छापील चिठ्ठी बाहेर. खाली खडबडीत रान असलं तरी पाट सरळ राहावा म्हणून तिनं जुन्या स्कूटरच्या स्प्रिंगा आणि काय काय जोडलं होतं.

आमच्याकडं डाळिंब बागेत कोणी मोजत नाही. माल रस्त्यावर जातो, तिथं व्यापाऱ्याचा काटा. मग प्रत्येक क्रेटमागं दोन किलो सूट. एक क्रेटची, एक डागी मालाची. क्रेटचं वजन तेवढं नसतं, आणि डागी माल आधीच बाजूला काढलेला असतो. पण सूट ती सूट. बापजाद्यांपासून चालत आलेली. अलकाच्या चिठ्ठीमुळं शेतकरी रस्त्यावर येऊन हिशेब विचारू लागले होते. व्यापाऱ्याला ते झोंबलं.

साहेबांनी गाडी भोवती फिरून पाहिली, वाकून पाहिली, रानात आडवं पडून खालून पाहिली. मग उठून धूळ झटकत म्हणाले, "ताई, ही जप्त करावी लागंल."

"का? खोटं मापते का?"

"खोटं मापते का खरं, ते मला म्हाईत न्हाय. तेच तर. नव्या काट्याच्या नमुन्याला दिल्लीची मान्यता लागते. ती न्हाय, तवर ह्याच्यावर इकता येत न्हाय, घेता येत न्हाय, आणि ही गाडीबी इकता येत न्हाय."

अलकाचा आवाज चढला. "साहेब, दोन वर्षं झोप मोडून केलीय ही. ह्यांनी ट्रॉल्यांची कामं सोडून आठ गाड्यांचे सांगाडे जोडून ठेवल्यात. बघा की मागं. ते आता भंगारात घालू?"

"झोपेला शिक्का मारता आला असता तर मारला असता," साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून ते कडवट नाही वाटलं. खरंच खेद असल्यासारखं म्हणाले. पण पंचनामा मला लिहायला लावला.

तक्रारदार व्यापारी पारावर उभा राहून हसत होता. साहेबांनी त्याला जवळ बोलावलं. "तुमच्या काट्याचा दाखला बघू." दाखला संपून सव्वा वर्ष झालं होतं. दोन्ही काटे एकाच जीपमध्ये शेजारी शेजारी बारामतीला आले. येताना साहेबांनी मागं वळून दोनदा त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटलं, दोऱ्या सुटल्यात का ते बघतायत.

व्यापारी आठवड्यात दंड भरून आपला काटा घेऊन गेला. काटागाडी कार्यालयाच्या कोपऱ्यात राहिली, कारण तिच्या सुटकेचं काय करायचं हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. मग साहेबांची दुपार तिच्यापाशी जाऊ लागली. नोंदवही ठेवून बघायचे. माझी पर्स ठेवायचे. माझा डबा ठेवला, म्हणाले, "मॅडम, आज भाजी कमी आणलीय." एकदा स्वतः उभे राहिले. एक चाक विटेवर चढवून पुन्हा उभे राहिले. आकडा तोच.

"कुणी केलंय हे?" ते स्वतःशीच म्हणाले. मग मोठ्यानं, "शेळगावात बसून?"

त्याच सुमारास वरून एक पत्र आलं. उद्योगांची स्पर्धाक्षमता वाढावी, नवकल्पनांना चालना मिळावी, यासाठी नियामक कार्यालयांना निधी. आपल्या कार्यक्षेत्रात असा प्रस्ताव असल्यास पाठवावा. असली पत्रं महिन्याला चार येतात. त्यांना द्यायचं उत्तर आमच्याकडं तयारच असतं. एकाच शब्दाचं. मी ते टाइप करून सहीला ठेवलं : निरंक. म्हणजे आमच्याकडं असलं काही नाही.

साहेबांनी मला बोलावलं. समोर माझा कागद. "मॅडम, हे पत्र वाचलं का तुमी?"

"वाचलं की." मी विषय वाचला होता.

"बसा. मी वाचून दाखवतो." त्यांनी पूर्ण वाचलं, पहिल्या ओळीपासून प्रतिलिपीपर्यंत. मग चष्मा काढला. "आता सांगा. सरकार पैसे कुणाला देतंय? कारखानदाराला न्हाय, शेतकऱ्याला न्हाय. आडवं येणाऱ्याला देतंय. म्हणजे आपल्याला. का? तर आपण जरा शहाणपणानं आडवं यावं म्हणून." मग कोपऱ्यात बोट दाखवून म्हणाले, "ती गाडी हितं ढळढळीत उभी हाय, आणि आपण लिहितोय निरंक. ती काय निरंक हाय का?"

मी कागद उचलून फाडला. माझी चूक होती, त्यात काही विशेष नाही. आजूबाजूच्या सगळ्याच कार्यालयांनी निरंक पाठवलं होतं, हे नंतर कळलं.

प्रस्ताव साहेबांनी पेन्सिलीनं लिहिला. प्रयोगशाळेची चाचणी फी, वजनं वाहून न्यायला गाडी, आणि नमुन्याची कागदपत्रं कशी करायची हे अलकाला शिकवायला एक तंत्रज्ञ. मंजूर झाला, पण एक अट होती : बागेतल्या चाचणीचा अहवाल मार्चअखेर गेला पाहिजे, नाहीतर निधी परत. मंजुरीच पोचली मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात.

अलका गाडी न्यायला आली तेव्हा तिचा विश्वासच बसेना. "साहेब, तुमीच उचलली आणि तुमीच सोडताय?"

"उचलली कायद्यानं. सोडतोय बी कायद्यानं, चाचणीपुरती. माझं ह्यात काय न्हाय. आणि ताई, नापास झाली तर नापास लिहिणार. आधीच सांगतो."

"लिवा की. पास झाली तर काय लिवणार ते बी सांगा."

"पास," साहेब म्हणाले. एवढंच.

महिना संपायला तीन दिवस राहिले असताना आम्ही शेळगावला गेलो. जीपमध्ये वीस-वीस किलोची लोखंडी वजनं, आणि साहेबांच्या मांडीवर लाकडी पेटी. त्या पेटीत मखमलीत बसवलेली पितळी वजनं. पुण्याच्या प्रयोगशाळेचा दाखला असलेली. बाकी सगळी वजनं ज्यांच्यावरून ताडून बघायची, ती ही. त्यांना साहेब उघड्या हातानं शिवत नसत. पांढरे हातमोजे घालून, दोन बोटांत, लोणी उचलावं तसं. पुसायचं तेही कोरड्या मऊ फडक्यानं, दाबायचं नाही. त्यामुळं ती वजनं काळपट पडलेली. पडू द्यायची असतात, घासली की झिजतात.

अलकाच्या घरी पोचल्यावर साहेब म्हणाले, आधी रान बघून येऊ. पेटी ओट्यावर ठेवली आणि मला सांगितलं, "मॅडम, पेटी तुमच्या ताब्यात." मी पाच मिनिटं बसले. समोर बागेत डाळिंबं लाल लटकलेली. इथून पेटी कोण नेणार, असा विचार करून मीही बाग बघायला गेले.

परत आलो तर अलकाची सासू ओट्यावर बसलेली. सगळे तिला बयाआजी म्हणत. समोर परातीत चिंचेचा कोळ, राख, आणि ओळीनं मांडलेली वजनं. सोन्यासारखी लखलखत होती. मोठ्यापासून छोट्यापर्यंत प्रत्येकावर हळदीकुंकू आणि तांदळाचे दोन दाणे.

साहेब पायरीवरच थांबले.

"आत्याबाई! हे काय केलं?" अलका ओरडली.

"आगं, काळीठिक्कर पडली हुती. येवढं चांगलं पितळ," आजी म्हणाली. "आज गाडीचं शुभकार्य, म्हनलं देवासारखी वस्तू हाय, घासूनपुसून पूजा करावी. सायबा, तुज्या घरी चिंच न्हाय व्हय रं?"

पोपट कपाळावर हात मारून बसला. बरोबर आलेला शिपाई हसू दाबत बाजूला गेला. साहेबांनी विचारलं, "पेटी कुणाच्या ताब्यात हुती?"

"माझ्या," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. त्यावर पुन्हा एक शब्द बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतर कधीही नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

पोपट जवळ आला. हळू म्हणाला, "साहेब, चिंचेनं किती झिजलं आसंल? केसभर बी न्हाय. पुसून घेऊ आन् करू सुरू. हितं आपल्याशिवाय कोन हाय?"

खरंच कोणी नव्हतं. मी काही बोलणार नव्हते. तीन दिवस राहिले होते, मागं शेडमध्ये आठ सांगाडे उभे होते आणि अलका साहेबांच्या तोंडाकडं बघत होती.

"केसभरच झिजलं आसंल," साहेब म्हणाले. "पोपटराव, मला पगार त्या केसभराचाच मिळतो. बाकीचं काय, कुणालाबी कळतं." मग अलकाकडं वळून म्हणाले, "ताई, उद्या तो व्यापारी म्हणंल, चिंचेनं घासलेल्या वजनावर पास केली. मग तुमची गाडी जलमभर खोटी. दोन दिवस द्या मला."

मग ते आजीच्या समोर उकिडवे बसले. "आजी, पूजा झाली?"

"झाली की."

"मग आता मला देव उचलू द्या." हातमोजे घालून एकेक वजन त्यांनी पेटीत ठेवलं. आजीनं प्रसाद म्हणून हातावर साखर ठेवली, ती खाल्ली. इतक्या वर्षांत तपासणीच्या जागी त्यांनी काही खाल्लेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

जीप एकाच दिवसापुरती होती. साहेब एसटीनं पुण्याला गेले, पेटी मांडीवर. कंडक्टरनं म्हणे विचारलं, पेटीत काय? साहेब म्हणाले, "किलो." कसला किलो? "किलो. नुसता." कंडक्टरनं नाद सोडला. प्रयोगशाळेत दोन वजनं हलकी निघाली. केसभर. ती तिथंच ठेवून, बदली दोन घेऊन, दाखला घेऊन, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परस्पर शेळगावात उतरले. वर्कशॉपमध्येच झोपले, उशाला पेटी घेऊन.

शेवटच्या दिवशी सकाळी चाचणी झाली. आजीला त्या दिवशी लेकीकडं पाठवलं होतं. साहेबांनी गाडी सपाटीवर, चढावर, ठिबकच्या नळीवर चाक चढवून, सगळीकडं तपासली. मग पाटाच्या चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून पाहिलं. तीन कोपरे बरोबर. चौथ्याला आकडा घसरला. पुन्हा ठेवलं. पुन्हा घसरला.

साहेबांनी पेन्सिल काढली. अलका पाहत होती. "साहेब, थांबा."

"दुरुस्ती करता यील. पण आधी काय दिसलं ते लिहिणार."

"लिवा." ती गाडीखाली शिरली. अर्धा तास तिचे फक्त पाय दिसत होते. पोपट पाने देत होता आणि शिव्या खात होता. "बारकं म्हनलं न्हवं का! बारा न्हाय, धा नंबरचा!" शेवटी सापडलं. जप्तीच्या दिवशी जीपमध्ये चढवताना त्या बाजूचा एक नट सैल झाला होता. म्हणजे आमच्याच हातून. तिनं तसं म्हटलं नाही. साहेबांनी मात्र ते अहवालात लिहिलं : वाहतुकीत कार्यालयाकडून सैल झालेला नट निर्मात्याने आवळला, त्यानंतर चारही कोपरे मर्यादेत.

अहवाल मी दुपारी तीनला टाइप केला. त्यांनी तो पेन्सिलीनं लिहून दुसऱ्या दिवशी वाचला नाही. वेळच नव्हता. सही करताना म्हणाले, "आज राग न्हवता, चालंल." पावणेपाचला अहवाल गेला.

जूनमध्ये साहेबांची बदली झाली, पार दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात. निरोप समारंभात त्यांना शाल-नारळ दिला; नारळ हातात तोलून त्यांनी आकडा सांगितला आणि सगळे हसले. दिल्लीची मान्यता आली ती दिवाळीनंतर. आठही गाड्यांना शिक्का मारायला नवे निरीक्षक शेळगावला निघाले, मी कागद घेऊन बरोबर. तिथं पोचलो तर वाघमोडे साहेब आधीच येऊन ओट्याखाली उभे. रजा टाकून आले होते. त्यांचा इथं आता काही अधिकार नव्हता, आणि ते त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. हात पाठीमागं बांधून उभे होते, कशाला हात लागू नये म्हणून.

नव्या साहेबांनी पहिल्या गाडीच्या काट्याला तार ओवली, शिशाची गोळी दाबली, शिक्का उमटवला. पोपटनं उगाचच फडक्यानं चाक पुसलं. तो व्यापारीही आला होता. सूट आता एका किलोवर आली होती. तो अलकाला विचारत होता की एक गाडी त्यालाही मिळेल का.

"नंबर लावा," अलका म्हणाली. "तुमचा नववा."

एवढ्यात घरातून बयाआजी आली. हातात हळदीकुंकवाचं ताट, पदराला चिंच बांधलेली नाही, ते मी आधी पाहून घेतलं. तिनं गाड्यांना ओळीनं कुंकू लावलं आणि इकडंतिकडं बघत म्हणाली, "ती पितळी कुठं हायती?"

पितळी वजनांची पेटी ओट्यावर होती. तिच्या झाकणावर वाघमोडे साहेब बसले होते. कधी जाऊन बसले, कोणाला कळलं नव्हतं. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाय जुळवलेले, फोटोला बसावं तसे.

"उठ की रं सायबा."

"न्हाय उठणार आजी."

ताटात कुंकू उरलं होतं, आणि लावायला दुसरं काही नव्हतं. आजीनं ते साहेबांच्या कपाळाला लावलं, वर दोन तांदूळ चिकटवले.

साहेबांनी रुमाल काढला. पेटीच्या कडेवर सांडलेलं कुंकू कोरड्या रुमालानं, न दाबता, पुसून घेतलं. कपाळ तसंच ठेवून ते बसून राहिले, नव्या साहेबांनी हातमोजे घालून पेटी मागेपर्यंत.